कोन्ता गजानन?

"कोन्ता गजानन?" मामांनी विचारलं, आणि माझं चार वर्षांचं कॉलेज नि त्यावरचे वर्षभराचे व्हिडिओ दुकानाच्या काउंटरवर तिथल्या तिथे आडवे झाले.

प्रश्न साधा होता. मी पडद्यावर नाव टाकलं होतं, गजानन. खाली बाकी उमटली होती, ६१,३४० रुपये. समोर बाकड्यावर बसलेला माणूस मागच्या खरिपात युरियाच्या चार बॅगा आणि सरकीची तीन पाकिटं घेऊन गेलेला. आकडा ऐकून तो अर्धवट उठून उभा राहिला. मामांनी चष्मा कपाळावर सरकवला. ते पडद्याकडे बघतच नव्हते, माझ्याकडे बघत होते. "माह्या वहीत सात गजानन हायेत पोरी. त्यातला हा कोन्ता, थे तुह्या मशीनीले कसं समजते?"

मशीनला समजत नव्हतंच. तिने साती गजाननांची उधारी गोळा करून एकाच्या डोक्यावर ठेवली होती.

शेगाव आमच्यापासून फार लांब नाही. २३ फेब्रुवारी १८७८ ला गजानन महाराज तिथे पहिल्यांदा दिसले, ८ सप्टेंबर १९१० ला त्यांनी समाधी घेतली, आणि तेव्हापासून वऱ्हाडात घरटी एक गजानन असतो म्हटलं तरी फारशी अतिशयोक्ती होत नाही. हे मला जन्मापासून माहीत होतं. माझ्या वर्गात तीन होते, कॉलेजच्या बसचा ड्रायव्हर एक होता. तरीही प्रोग्राम लिहिताना 'नाव' या रकान्याने माणूस ओळखता येतो असं मी धरून चालले होते. कारण ज्या धड्यांवरून मी शिकले, त्या सगळ्यांत एक जॉन होता आणि एक जेन होती. दुसरा जॉन तिथे कधी आलाच नाही.

मी अमरावतीची. दहावीच्या सुट्टीत एमएससीआयटी केली. २००१ पासून महाराष्ट्रातल्या लाखो पोरांनी तो कोर्स केला आणि आमच्याकडे तो लस टोचून घ्यावी तसा करतात. झाला की आईबाप निर्धास्त. कॉलेजात सी भाषा आली, ती नागपूरच्या यशवंत कानेटकरांच्या 'लेट अस सी'चा हात धरून. अमेरिकेत कर्निघन आणि रिची यांचं सी भाषेवरचं पुस्तक १९७८ साली निघालं आणि पहिला प्रोग्राम म्हणून पडद्यावर जगाला नमस्कार लिहायचा ही रीत तिथून सगळीकडे गेली. पण आम्हां विदर्भातल्या मुलांना कानेटकरांचं पुस्तक घरच्या मोठ्या भावाने समजावून सांगावं तसं वाटायचं. लॅबमधे १९८७ साली जन्मलेलं टर्बो सी, त्याचा तो निळाशार पडदा. मी त्याच्यासमोर बसले तेव्हा ते माझ्यापेक्षा वयाने बरंच मोठं होतं.

मग ५ सप्टेंबर २०१६ ला जिओ आलं आणि आमच्या पिढीला फुकटात आख्खं आकाश मिळालं. त्याआधी मुंबईच्या आयआयटीतल्या प्राध्यापक कन्नन मौद्गल्य यांच्या प्रकल्पातले स्पोकन ट्यूटोरियल मी पाहिले होते. दहाएक मिनिटांचे धडे, एका बाजूला धडा लावायचा, दुसऱ्या बाजूला आपण तेच टाइप करायचं. मराठीतही होते. सी मधला लूप पहिल्यांदा मराठी आवाजात ऐकला तेव्हा आईने फोनवर पाककृती सांगावी तसं वाटलं होतं. आता यूट्यूब उघडलं आणि मी त्यात शिरले ती शिरलेच. पायथनचे चाळीस तास. जावास्क्रिप्टचे साठ. कामांची यादी करणारं ॲप मी एकूण पाच भाषांत केलं. कोणतंही काम त्या यादीत टाकून कधी केलं नाही, तो भाग वेगळा.

त्या दिवसांची एक गुंगी होती, ती नाकारण्यात अर्थ नाही. रात्री अकराला कूलरच्या घरघरीत, मांडीवर लॅपटॉप. व्हिडिओतला माणूस टाइप करायचा, मी टाइप करायचे. तो एंटर दाबायचा, मी दाबायचे. त्याचं चालायचं, माझंही चालायचं. झोपताना छाती भरून आलेली असायची. त्या माणसाने ते गणित आदल्या दिवशी चार वेळा चुकवलं असेल, शिव्या घातल्या असतील, चहा प्यायला असेल, आणि मग कॅमेरा लावला असेल, हे मनात यायचंच नाही. आपण बघतो ते ताटात वाढलेलं. चुलीचा धूर कापून टाकलेला असतो.

पण व्हिडिओ बंद करून कोरी फाइल उघडली की बोटं थिजायची. टिचकी मारणारी ती बारीक उभी रेघ लुकलुकत राहायची. काय लिहू? कुणी काही विचारलंच नव्हतं. मग मी दुसरा व्हिडिओ लावायचे. उसाशिवाय गुऱ्हाळ चालू होतं.

पुण्यातल्या एका कंपनीचं बोलावणं आलं होतं, एप्रिल २०२० चं. त्याआधी पाडव्याला आजोळी जाऊन येऊ म्हणून शनिवारी, २१ मार्चला, मी हिवरखेडला आले. दुसऱ्या दिवशी जनता कर्फ्यू. मंगळवारी रात्री टीव्हीवर एकवीस दिवसांची घोषणा. २५ तारखेला पाडवा होता. वऱ्हाडात सालगड्याचं साल पाडव्यापासून पाडव्यापर्यंत चालतं; त्या दिवशी जुना हिशेब मिटतो, नवा माणूस बोलीवर ठरतो. त्या साली मामांच्या अंगणात बोली करायला आलेला माणूस तोंडाला दुपट्टा बांधून दोन हात लांब उभा होता आणि मामी त्याला चहा कसा द्यावा या विवंचनेत. पुण्याच्या कंपनीने आधी जूनमधे या म्हटलं, मग कळवतो म्हटलं, मग काहीच म्हटलं नाही.

हिवरखेड म्हणजे तेल्हारा तालुका, जिल्हा अकोला. उत्तरेला सातपुडा. पूर्णेच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा इथे येईतो मागे पडलेला, म्हणून पाणी गोड. कपाशी, केळी, संत्रा, आणि अकोट-तेल्हाऱ्याकडे पानपिंपळी. हिवर म्हणजे बाभळीच्या गोत्रातलं, पांढुरक्या सालीचं काटेरी झाड. ते या मुलखात उदंड, त्यामुळे हिवरखेडंही उदंड. एक आमचं. एक मोर्शी तालुक्यात, अमरावती जिल्ह्यात. एक खामगावकडे. म्हणून कागदोपत्री आमच्या गावाच्या नावाला 'रूपराव' अशी शेपटी आहे. लहानपणी मला त्याचं हसू यायचं. गावालाही आडनाव असतं का?

मामांचं कृषी केंद्र. लॉकडाउनमधे किराणा आणि दवाखान्यांसारखी ही दुकानंही चालू राहिली. बियाणं, खत, फवारणीची औषधं. त्या दुकानाचा वास ज्याच्या नाकात गेला त्याच्या तो जन्मभर राहतो: डीएपीचा कोरडा, औषधांचा गोडसर-जहरी, पोत्यांच्या तागाचा. मी रिकामी बसले आहे हे पाहून मामाच एक दिवस म्हणाले, "एवढी शिकली, माह्या उधारीचं काई जमवून दे ना वो."

मी दोन दिवसांत जमवलं. कामांच्या यादीचं ॲप होतंच, 'काम'च्या जागी 'गिऱ्हाईक' लिहिलं. तिसऱ्या दिवशी सकाळी तो माणूस बाकड्यावर बसला आणि मामांनी विचारलं, कोन्ता गजानन.

त्या रात्री मी जेवले नाही असं लिहिलं तर मामी वाचतील आणि खोटं पकडतील. जेवले. पण लॅपटॉप उघडून सवयीने शोधायला लागले, यावर एखादा व्हिडिओ असेल. डेटाबेसवर शेकडो होते. प्रत्येक ओळीला एक क्रमांक द्या, एक, दोन, तीन, सांगत होते. ते मला येत होतं. पण बाकड्यावरच्या माणसाला आपण सत्तावीस नंबर आहोत हे कसं माहीत असणार? आणि मामांना? आधार क्रमांक घ्यावा असं मनात आलं. मामा म्हणाले, "खताच्या मशीनीले अंगठा लागते, थे सरकारचं हाय. मी दहा रुपयाच्या सुतळीसाठी मानसाले आधार मांगू काय? मले चेहरा पुरते." मला आजही वाटतं, त्या एका वाक्यात गोपनीयतेचं जे भान होतं ते भल्याभल्या ॲपांना नाही.

दुसऱ्या दिवशी मी लॅपटॉप घरी ठेवला आणि मामांच्या शेजारी नुसती बसले. असं चार दिवस बसले. माझ्या हिशेबाने मी प्रोग्रामिंग शिकले ती त्या चार दिवसांत, एक अक्षर न लिहिता.

वहीत मामा नाव लिहीत आणि पुढे कंसात काहीतरी. गजानन (टाकीजवळचा). गजानन (सोसायटीवाला). गजानन (चष्मा). गजानन (वारीच्या रोडचा). माणसाची ओळख म्हणजे तो कुठे राहतो, कुणाचा कोण लागतो, काय करतो. अगदी जवळून बघितलं तर हे आपलं जुनंच तंत्र आहे. भारतभर एकाच नावाची गावं ढिगाने, पत्ते वेगवेगळ्या भाषांत आणि लिप्यांत, पत्रं भलतीकडे जायची. म्हणून १५ ऑगस्ट १९७२ ला पिनकोड आला, आणि तो ज्यांनी आणला ते श्रीराम भिकाजी वेलणकर कोकणातले, संस्कृतात नाटकं लिहिणारे मराठी गृहस्थ. सहा आकडे. पहिला चार आला की पत्र आमच्या बाजूला वळतं. ४४४ म्हटलं की अकोला-अमरावतीकडे. तिन्ही हिवरखेडं तेव्हापासून टपालखात्यापुरती तरी वेगळी झाली. वेलणकरांसमोर तोच प्रश्न होता जो मामांनी मला विचारला, फक्त देशाएवढा.

तर मी क्रमांक दिला, पण तो मशीनपुरता आत ठेवला, आणि वर एक नवा रकाना केला. त्याचं नाव 'ओळख'. मामा सांगत गेले, मी भरत गेले. ४१२ खाती. आता गजानन टाइप केलं की सात ओळी यायच्या, प्रत्येकीपुढे तिची ओळख. मामांनी बोट ठेवून दाखवलं, हा. बाकी ३,८०६. बाकड्यावरचा माणूस म्हणाला, "हां, आता बराबर हाय."

ते 'बराबर हाय' मला पुढे पगारवाढीच्या पत्रातही मिळालं नाही.

इथे थांबले असते तर ही यशाची गोष्ट झाली असती. आठवड्याने मी हौसेने छोटा प्रिंटर जोडला. गिऱ्हाइकाला छापील चिठ्ठी. नाव, ओळख, माल, बाकी, सगळं नेटकं. मामांच्या वहीतल्या काही ओळखी मी जशा होत्या तशा उतरवल्या होत्या. एका म्हाताऱ्या माणसाने चिठ्ठी घेतली, लांब धरली, ओठ हलवत वाचली. नावापुढे कंसात छापलं होतं: उधाऱ्या. त्यांनी चिठ्ठीची नीट चौकोनी घडी केली, टोपीत ठेवली, मामांना रामराम केला आणि गेले. मला एक शब्द बोलले नाहीत. मामाही दिवसभर बोलले नाहीत.

प्रोग्राम बरोबर चालला होता. कुठलीही चूक पडद्यावर आली नव्हती. ज्या एरर लाल अक्षरात येतात त्यांची मला त्या दिवसापासून भीती वाटेनाशी झाली. त्या निदान बोलतात तरी. संध्याकाळी मी आणि मामा एकेक ओळख वाचत बसलो. लंगडा, बहिरा, उधाऱ्या, दारूड्या, असं जे जे होतं ते काढलं आणि वाडा, विहीर, धुरा, बापाचं नाव असं काही घातलं. चिठ्ठीवरून तो रकाना कायमचा उडवला. मामा म्हणाले, "वहीत थे फक्त मी वाचत होतो वो. छापाले नोयतं लेयलं." वहीतलं खाजगी छापल्यावर चव्हाट्यावर येतं, हे मला कोणत्याच धड्यात कुणी सांगितलं नव्हतं, कारण धड्यांतल्या जॉनला चिठ्ठी वाचून वाईट वाटत नाही.

२०१० साली जपानात राहणाऱ्या पॅट्रिक मॅकेन्झी नावाच्या एका अमेरिकी प्रोग्रामरने माणसांच्या नावांबद्दल प्रोग्रामरांच्या डोक्यात असलेल्या चाळीस खोट्या समजुतींची यादी केली होती. ती मला बरीच नंतर वाचायला मिळाली. वाचताना वाटलं, हा बाप्पा एकदा आमच्या दुकानात चार दिवस बसला असता तर चाळीसवर थांबला नसता.

तारखांचं प्रकरण त्याहून रंगलं. जूनमधे पेरणीची गर्दी. सरकीचं ४५० ग्रॅमचं पाकीट त्या साली ७३० रुपयांना, युरियाची बॅग २६६ रुपये ५० पैशांना. बॅगही आता ४५ किलोची. माझ्या पहिल्या प्रोग्रामात मी ती ५० ची धरली होती, कारण मला लहानपणीची आठवत होती, आणि २०१८ मधे ती हलकी झाल्याचं अमरावतीत बसून कसं कळणार? असो. प्रत्येक उधारीला 'वायदा' नावाचा रकाना, त्यात तारीख. मी गिऱ्हाइकाला विचारायचे, कधी देणार? उत्तरं अशी यायची: पोळ्याले. दसऱ्याले. दिवाळीत. कापूस निघाल्यावर.

पायथनला 'कापूस निघाल्यावर' ही तारीख मान्य नव्हती. आकाशालाही नेहमी मान्य असते असं नाही. पण मामांच्या वहीत ती तारीख होती, चाळीस वर्षं होती, आणि तिच्यावर धंदा चालला होता. मी वायद्याचे दोन रकाने केले: एकात माणसाचे शब्द जसेच्या तसे, दुसऱ्यात मामांचा अंदाज. सणांसाठी मात्र मी हुशारी केली. चांद्रवर्ष साधारण ३५४ दिवसांचं, म्हणजे सण दरवर्षी अकराएक दिवस अलीकडे येतात, एवढं मला ठाऊक होतं. २०१९ चं लक्ष्मीपूजन २७ ऑक्टोबरला होतं. अकरा वजा केले. दिवाळीचा वायदा असलेल्या एकशेतीस खात्यांपुढे १६ ऑक्टोबर २०२० उमटलं. मी स्वतःवर खूश.

मामांनी यादी पाहिली आणि आधी नुसतं हसले. मग मामींना हाक मारली. "ऐकलं काय वो, हिच्या कॅम्पुटरमंदी यंदा पितरं झाले की लगेच दिवाळी." मग माझ्याकडे वळून, "अवो, यंदा धोंडा हाय ना. अधिक अश्विन. जावयाले बोलवा लागन, थे येगळंच." भिंतीवरचं कॅलेंडर काढून त्यांनी माझ्या मांडीवर ठेवलं. १८ सप्टेंबर ते १६ ऑक्टोबर, आख्खा महिना जादाचा. लक्ष्मीपूजन १४ नोव्हेंबर. मी एकशेतीस माणसांकडे महिनाभर आधी तगादा लावणार होते, कपाशीची बोंडं अजून पुरती उमलली नसताना.

मी ते सूत्र खोडलं आणि पुढच्या पाच वर्षांच्या सणांच्या तारखा कॅलेंडरवरून बघून हाताने भरल्या. कॉलेजात याला कुणी प्रोग्रामिंग म्हटलं नसतं. मी म्हणते.

मृगाचा पहिला पाऊस आला त्या संध्याकाळी वीज गेली. आमच्याकडे पाऊस आणि वीज यांचं सवतीचं नातं. एक आली की दुसरी जाते. दुकानातला डेस्कटॉप मामेभावाचा, जुना, त्याचा यूपीएस कधीच मेलेला. रात्री दहाला दिवे आले. मी मशीन सुरू केली. फाइल अर्धी होती. दर नोंदीला मी सगळी यादी पुन्हा पहिल्यापासून फाइलीत लिहीत असे, आणि ती लिहिता लिहिता वीज गेली होती. ४१२ पैकी १८७ खाती उरली. बाकीची हवेत.

मी रडले. ते लपवण्यासारखं नाही. मामा आले आणि काउंटरखालून एक वही काढली. रोजकीर्द. माझा प्रोग्राम सुरू झाल्यापासून त्यांनी एकही दिवस ती बंद केली नव्हती. मला वाईट वाटू नये म्हणून मी घरी गेल्यावर लिहीत. "आदी कीर्द, मंग खतावणी," ते म्हणाले. "दिवसभर जे झालं थे एकाखाली एक कीर्दीत. खतावणी त्यावरून भराची. खतावणीले वाळवी लागली तरी कीर्दीवरून पुन्ना उभी होते. अन् कीर्दीत खोडाचं नाई. चुकलं तं उलटी नोंद कराची."

मी बघत राहिले. हे मी वाचलं होतं. डेटाबेसच्या पुस्तकात याच रीतीला वेगळं, भारदस्त इंग्रजी नाव आहे: बदल आधी नोंदवहीत लिहा, मग मूळ जागी. परीक्षेत पाच मार्कांना आलं होतं, पाचही मिळाले होते. ते आमच्या मामांना त्यांच्या वडिलांनी शिकवलं होतं हे मात्र त्या रात्री कळलं.

पुढचे दहा दिवस मी सगळं पाडून नव्याने बांधलं. या वेळी खाली एसक्यूलाइट घातलं. रिचर्ड हिप नावाच्या माणसाने २००० साली केलेला हा चिमुकला डेटाबेस त्याला अमेरिकी नौदलाच्या विनाशिकेवरच्या कामातून सुचला. युद्धनौकेसाठी सुचलेली वस्तू हिवरखेडच्या विजेपुढेही टिकते, असा माझा अनुभव आहे. वर दोनच गोष्टी: कीर्द, आणि तिच्यावरून निघणारी खतावणी. खोडायची सोय काढून टाकली. उलटी नोंद. मामींना एकदा बसवलं तर त्यांनी नोंद भरली आणि 'सेव्ह'चं बटण न दाबता सरळ भिंतीवरचं बटण बंद करून मशीन घालवली, जसा मिक्सर बंद करतात. आधीची मी असते तर त्यांना समजावत बसले असते. आता मी 'सेव्ह'चं बटणच काढलं. नोंद भरली की आपली आपण जपली जाईल.

एक गोष्ट अशी अडली की तिने मला तीन दिवस छळलं. वऱ्हाडे आडनावाच्या गिऱ्हाइकाचं खातं कधी सापडायचं, कधी नाही. मी शोधायचे तेव्हा सापडायचं, मामेभाऊ फोनवरून टाकायचा तेव्हा गायब. दोन्ही शब्द पडद्यावर शेजारी ठेवले. काना, मात्रा, सगळं तंतोतंत तेच. दुकानात रेंज धड नव्हती म्हणून मी संध्याकाळी स्टेशनाकडे जायचे. अकोल्याहून खंडव्याला जाणारी मीटरगेज गाडी आमच्या हिवरखेडवरून जायची, पुढे सातपुड्यात धूळघाटजवळ स्वतःलाच वळसा घालून चढायची. मीनाक्षी एक्स्प्रेस याच रुळांवरून जयपूरला जात असे. २०१७ च्या सुरुवातीला ती वाट ब्रॉडगेजसाठी बंद झाली. १००० मिलिमीटरच्या जागी १६७६. गेज बदललं की डबे तेच, माणसं तीच, पण गाडी पुढे जात नाही; अकोल्याला पूर्वी माल एका डब्यातून उतरवून दुसऱ्यात भरावा लागे, पोतं पोतं करून, हमालांच्या पाठीवरून. मी त्या बिनगाडीच्या फलाटावर बसून फोनच्या उजेडात अक्षरं सोलत होते. उन्हाने तापलेला दगड अजून कोमट. टिटवी ओरडत होती. डोंगराकडे वीज चमकत होती, आवाज न येण्याइतक्या लांब.

कुणीही हा प्रश्न आधी विचारला नव्हता. म्हणजे जगात कुणीतरी विचारला असेलच, मला नेटवर सापडला नाही. व्हिडिओ नव्हता. म्हणून मी शब्द एकेका अक्षराच्या संकेतांकात फोडला, कागदावर लिहिला, आणि तिथे फरक दिसला. आपला तो अर्धा, पापणीसारखा र दोन तऱ्हांनी लिहिता येतो. एका कळफलकावर साधा र, हलंत आणि एक अदृश्य जोडचिन्ह. दुसऱ्यावर खालच्या टिंबाचा ऱ आणि हलंत. डोळ्यांना एकच, मशीनला दोन. युनिकोडच्या नेहमीच्या सारखेकरणातही ही दोन रूपं एक होत नाहीत. लंडन-न्यूयॉर्कमधल्या कुणाला हा पेच पडायचं कारणच नाही, आणि आमच्या तर मुलखाच्या नावातच तो बसलाय.

मी नियम लिहिला, तीन ओळींचा. शोधण्याआधी दोन्हींना एकाच रूपात आण. फलाटावर बसूनच चालवून पाहिला. वऱ्हाडे सापडले. मी उठून मोठ्याने काहीतरी ओरडले असणार, कारण पलीकडे बकऱ्या वळवणारा पोरगा थांबून बघायला लागला. त्याला सांगावंसं वाटलं. काय सांगणार?

दिवाळीनंतर मी पुण्याला रुजू झाले, दुसऱ्या एका कंपनीत. पहिल्याच आठवड्यात समोर हजारो ओळींचा परका कोड आला, ज्यातलं मला जेमतेम दहावा हिस्सा कळत होतं. शेजारची मुलगी पटकन यावरचा एखादा कोर्स शोधायला लागली. मी आधी विचारलं, हे वापरतं कोण, आणि ते बसतात कुठे? मॅनेजरने जरा चमत्कारिक नजरेने बघितलं, मग नंबर दिला.

व्हिडिओ मी अजून बघते. वाईट नसतात ते. कानेटकरांचं पुस्तक अजून माझ्या कपाटात आहे, पाठीला चिकटपट्टी लावलेलं.

अकोला ते अकोट ब्रॉडगेज गाडी २०२२ च्या नोव्हेंबरात सुरू झाली. मी दिवाळीला जाते तेव्हा अकोटला उतरून पुढे एसटीने हिवरखेड गाठते. दुकानातला डेस्कटॉप बदललाय, प्रोग्राम तोच आहे. मामा त्याच्या शेजारी अजून कीर्द लिहितात. यंदा पाहिलं, खाती ५३८ झाली आहेत आणि गजानन अकरा.